बृहदांत्र कर्करोग : रुग्णाच्या आप्तांची चाळणी तपासणी

कोणतेही लक्षण नसलेल्या व्यक्तीची रोग शोधण्यासाठी केलेली तपासणी म्हणजे चाळणी तपासणी होय. बृहदांत्र (मोठे आतडे) व गुदांत्र यांच्या कर्करोगात रुग्णाचे आईवडील, सख्खी भावंडे व मुले या प्रथम श्रेणीच्या आप्तांना तिचे विशेष महत्त्व आहे. इतरांच्या तुलनेने त्यांना हा रोग होण्याचा धोका सुमारे दुप्पट असतो. रुग्णाला तो पन्नाशीच्या आत झाला असल्यास किंवा कुटुंबात एकाहून अधिक रुग्ण असल्यास धोका आणखी वाढतो. भारतात या रोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी असले, तरी रुग्णांत तरुणांचा वाटा तुलनेने अधिक आढळतो.

बहुतेक कर्करोग आतड्याच्या अस्तरावरील लहान मांसल वाढींपासून (पॉलिपांपासून) उद्‌भवतात व या स्थित्यंतरास सामान्यतः दहाएक वर्षे लागतात. या अवधीत पॉलिप काढून टाकल्यास पुढचा कर्करोग टळतो. म्हणून येथे तपासणी हा केवळ निदानाचा नव्हे, तर प्रतिबंधाचाही उपाय ठरतो.

आनुवंशिकता : एकाच घराण्यात हा रोग वारंवार होत असल्याचे ॲल्ड्रेड वॉर्थिन यांनी १९१३ मध्ये नोंदविले. हेन्री लिंच यांनी १९६६ पासून अशा घराण्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. लिंच यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकारात सदोष जीन (आनुवंशिक घटक) प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा व मुलगी असा भेद त्यात नसतो. विवाहाने मुलीचे कुल बदलते, जीन बदलत नाहीत. एका विरळ प्रकारात आई व वडील या दोघांकडून सदोष जीन आल्यासच रोग संभवतो. मराठवाड्यात काही समाजांत रूढ असलेल्या आते-मामे भावंडांच्या विवाहांत अशी शक्यता वाढते. तथापि धोका असलेल्या बहुसंख्य आप्तांत असा एखादा निश्चित जीन सापडत नाही.

तपासणी : सर्वसाधारणपणे वयाच्या चाळिसाव्या वर्षी, किंवा आप्ताच्या निदानाच्या वेळी असलेल्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे अगोदर येईल तेव्हा तपासणी सुरू करतात. रुग्णास ४५ व्या वर्षी रोग झाला असल्यास त्याच्या भावंडांनी ३५ व्या वर्षी ती करावी. बृहदांत्रदर्शनात आतडे रिकामे करून गुदद्वारातून लवचिक दर्शकनलिका सरकवितात व दिसलेला पॉलिप तारेच्या फासाने त्याच वेळी काढता येतो. धोका अधिक असल्यास हे परीक्षण दर पाच वर्षांनी करतात. ते शक्य नसल्यास मलातील गुप्त रक्ताची चाचणी दरवर्षी करणे हा पर्याय आहे. मात्र तीत रक्त आढळल्यास बृहदांत्रदर्शन आवश्यक ठरते. लिंच विकारात विशीच्या सुमारासच आरंभ करून एक-दोन वर्षांनी परीक्षण करतात. फिनलंडमधील अशा घराण्यांच्या पंधरा वर्षांच्या पाहणीत दर तीन वर्षांनी तपासणी केलेल्यांत कर्करोगाचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले.

आप्तांना प्रवृत्त करणे : भारत सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत मुख, स्तन व गर्भाशय ग्रीवा यांच्या कर्करोगांच्या तपासणीचा समावेश केला गेला, बृहदांत्राच्या नाही. त्यामुळे आप्तांना सूचना देण्याचा भार उपचार करणारे वैद्य व रुग्ण यांच्यावर पडतो. देवणीसारख्या तालुक्यातील रुग्णाचा उपचार दूरच्या शहरात होतो, भावंडे पुणे-हैदराबादला व बहिणी सासरी असतात. रोगाचे नाव घरातही उच्चारले जात नाही. शौचातील रक्त मूळव्याधीचे समजून दुर्लक्षिले जाते. वास्तविक असे लक्षण दिसल्यास तपासणीच्या ठरीव वयाची वाट न पाहता वैद्याकडे जावे. रुग्णाने संमती देऊन आप्तांची यादी करणे, प्रत्येकास तपासणीचे वय लेखी कळविणे व दूरध्वनीवरून व्यक्तिशः समजावणे हे उपाय नुसत्या छापील पत्रकापेक्षा अधिक परिणामकारक ठरतात.

ग्रामीण जनता अशा तपासणीस येते, याचा दाखला जवळच आहे. बार्शी (जि. सोलापूर) येथे १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी होत आली आहे. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक केंद्र यांच्या सहभागाने तत्कालीन उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशय ग्रीवेच्या कर्करोगाची जी व्यापक पाहणी झाली, तीत १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश होता. एकाच विषाणुचाचणीने त्या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. घरोघरी जाऊन केलेले समुपदेशन हा त्या कार्याचा पाया होता. बृहदांत्र कर्करोगाच्या आप्तांबाबत तर ही घरे आधीच ठाऊक असतात.