निकालाचा दुसरा दिवस

ज्या घरांत शिकणारीं मुलें आहेत, त्या घरांत निकालाचा दिवस वर्षांतून एकदां तरी येतोच. आणि त्या दिवशीं काय घडतें, तें आमच्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको. पास झालेल्याचे पेढे वांटले जातात. नापास झालेला माडीवर जाऊन बसतो. आजोबा गरजतात, आजी पदराआड घेते, काका शेजारच्या मुलाचे गुण मोजून दाखवितात. हें सारें पहिल्या दिवशीं. परंतु छत्तीस वर्षें शाळेंत घालविल्यावर आमचें मत असें झालें आहे कीं, मूल अपयशांतून उठणार कीं तेथेंच बसून राहणार, याचा निर्णय त्या दिवशीं होत नसून दुसऱ्या दिवशीं होतो.

हें शहाणपण आम्हांस एका चुकीनें आलें. नववीच्या वर्गांत गणिताच्या उत्तरपत्रिका परत देतांना, एका मुलाला पडलेले अकरा गुण आम्हीं मोठ्यानें वाचून दाखविले आणि वर एक कोटीही केली. वर्ग हंसला, आम्हीही हंसलों. दुसऱ्या दिवशीं तो मुलगा आला नाहीं. आठवडा उलटला तरी आला नाहीं. मग एके संध्याकाळीं त्याच्या आत्याबाई त्याला घेऊन आमच्या दारीं आल्या. त्या भांडावयास आल्या असतील असें समजून आम्ही मनांत उत्तराची जुळवाजुळव करीत होतों. पण त्या शांतपणें म्हणाल्या, "गुरुजी, याचें गणित कच्चें आहे हें याला ठाऊक आहे, घराला ठाऊक आहे, आतां साऱ्या वर्गालाही ठाऊक झालें. उद्यां सकाळीं उठून यानें पहिलें काय करायचें, तेवढें सांगा."

आमच्याजवळ उत्तर नव्हतें! त्या मुलाला कोटी ऐकविण्यापूर्वीं त्याची उत्तरपत्रिका आम्हीं नीट पाहिलीच नव्हती. ती त्या संध्याकाळीं पाहिली, तेव्हां कळलें कीं, त्याचें बीजगणित अडलें नव्हतें. प्राथमिक शाळेंतला अपूर्णांकच कधीं मनांत बसला नव्हता. रोज पांच उदाहरणें, असें काम ठरलें. तीं पाहण्याचें आत्याबाईंनीं पत्करलें. त्यांना स्वतःला गणित येत नसे. उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानाशीं जुळतें कीं नाहीं, एवढेंच त्या पाहत. मुलगा दहावीला पहिल्या खेपेस गणितांत राहिला व दुसऱ्या खेपेस सुटला. आज तो पंपांच्या मोटारी दुरुस्त करून सुखानें संसार करीत आहे. आम्हीं मात्र भर वर्गांत त्याची क्षमा मागावयास हवी होती, ती मागितली नाहीं. हें शल्य अद्याप आहे.

एका आत्याबाईंवरून सिद्धांत कसा मांडतां, असें कोणी विचारील. त्यांच्यासाठीं हवाई बेटांपैकीं कौआई या बेटावरील एका दीर्घ अभ्यासाची हकीकत सांगतों. तेथें १९५५ सालीं जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर व रूथ स्मिथ या विदुषींनीं तीं मुलें चाळिशीला येईपर्यंत घेतला. त्यांपैकीं सुमारें एक तृतीयांश मुलें दारिद्र्य, घरांतील कलह, आईबापांचें आजारपण अशा अनेक संकटांत एकाच वेळीं सांपडलेलीं होतीं. तरीही त्या संकटग्रस्त मुलांतलीं सुमारें एक तृतीयांश कर्तबगार व प्रेमळ माणसें झालीं. त्यांच्या मुळाशीं जीं कारणें आढळलीं, त्यांत एक ठळक होतें: निदान एका तरी वडीलधाऱ्या माणसाचा भक्कम जिव्हाळा. तें माणूस आईबापच असावें असें नव्हतें. कोणाची आजी होती, कोणाची मावशी, कोणाचा शिक्षक. एकत्र कुटुंबांत अशीं माणसें चारचार असतात. पण तीं चारही एकदम बोलूं लागलीं, म्हणजे मुलाला एकही उरत नाहीं.

जिव्हाळ्याच्या जोडीला दुसरी गोष्ट हवी, ती म्हणजे पुढचें निश्चित काम. महर्षि अण्णासाहेब कर्वे १८७५ सालीं परीक्षेसाठीं कोंकणांतील मुरूडहून भर पावसांत, सह्याद्रीचा घाट चढून, शंभर मैलांहून अधिक वाट पायीं तुडवून साताऱ्यास गेले. तेथें, वय लहान दिसतें म्हणून त्यांना परीक्षेस बसूंच दिलें नाहीं! अपमान होता, अन्यायही होता. त्यांनीं काय केलें? पुढील वर्षीं कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा ते पास झाले. मॅट्रिक होण्यास १८८१ साल उजाडलें. तेव्हां ते तेवीस वर्षांचे होते. १९१६ सालीं महिला विद्यापीठ उभें करणारा हाच पुरुष. धैर्याचीं भाषणें त्यांच्या कामीं आलीं नसतील. पुढची तारीख कामीं आली असेल.

तेव्हां आमचें सांगणें थोडक्यांत असें. पहिल्या दिवशीं मुलाला जेवूं घाला, झोपूं द्या, आणि पाहुण्यांपुढें त्याच्या गुणांचा उच्चार करूं नका. दुसऱ्या दिवशीं घरांतील एकाच माणसानें त्याच्याजवळ बसावें. "नापास" या मोठ्या शब्दाचे तुकडे करावे, कोणता विषय, कोणता धडा, कोणती पायरी. आणि त्याच दिवशीं पुरें होईल एवढें लहान काम हातीं द्यावें. आपल्या राज्यांत २०१५ सालापासून दहावीच्या निकालानंतर लवकरच पुरवणी परीक्षा होते, त्यामुळें वर्ष वांचूं शकतें. पण हा दुसरा दिवस रुसव्यांत गेला, तर ती सोय असून नसल्यासारखीच.

एक इशारा मात्र विसरूं नये. जें मूल दिवसेंदिवस खात नाहीं, झोपत नाहीं, किंवा जगण्यांत अर्थ नाहीं असें बोलूं लागतें, त्याला उपदेश करीत बसूं नये. एकटें न ठेवतां तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें. सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक घरांतील प्रत्येकास ठाऊक असावा. यांत कमीपणा नाहीं.

संस्कृतांत चिवट धैर्याला "धृति" म्हणतात. "धृ" म्हणजे धरून ठेवणें. "आधार" हा शब्दही त्याच धातूपासून झाला आहे. ज्याला कोणीं तरी धरून ठेवलें, तोच पुढें स्वतःला धरून ठेवूं शकतो. आमच्या वाचकांच्या घरीं यंदा पेढे वांटले जावोत, हीच इच्छा; पण न वांटले गेले, तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं माडीवर कोणीं जावयाचें, हें आजच ठरवून ठेवावें.