टेनिस शिकतांना होणाऱ्या चुका



बारामती आणि इंदापूर म्हटलें म्हणजे नीरेचा कालवा, ऊंसाचे फड आणि उजनीचें पाणी हीं डोळ्यांपुढें येतात. टेनिसचें मैदान सहसा येत नाहीं. तथापि इ. स. २०१८ ते २०२३ या काळांत पुण्यास बालेवाडी येथें आंतरराष्ट्रीय सामने झाले, आणि ते पाहून इकडील कांहीं घरांतूनहि मुलांच्या हातीं रॅकेट आली असल्यास नवल नाहीं. ऊंसाच्याच मुलुखांत, श्रीरामपूर येथें, जन्मलेल्या ऋतुजा भोसले यांनीं २०२३ सालीं हांगझोऊच्या आशियाई खेळांत रोहन बोपण्णा यांच्यासह मिश्र दुहेरीचें सुवर्णपदक मिळविलें. तेव्हां गांव लहान, ही अडचण नव्हे. अडचण ही कीं, जेथें शिक्षक रोज जवळ नसतो, तेथें वाईट संवय लागली तर ती थांबविणारें कोणी नसतें. अशाच कांहीं संवयींचा आज विचार करूं.

पहिली चूक मुठींत आहे. नवखा मनुष्य सर्व्हिस करतांना तवा धरावा तशी रॅकेट धरतो. मग मनगट मोकळें फिरत नाहीं. हातोडीनें खिळा ठोकतांना मूठ जशी बसते, तशी ती सर्व्हिसच्या वेळीं बसली पाहिजे; फोरहँडच्या वेळीं रॅकेटच्या दांड्याशीं जणूं हस्तांदोलन करावें. शिवाय नवखा खेळाडू मूठ सतत आवळून धरतो. चेंडू तारांवर टिकतो तो चार-पांच सहस्रांश सेकंद. तेवढ्यासाठीं सारा वेळ मूठ आवळल्यानें चेंडूस बळ मिळत नाहीं, कोपरास मात्र ताण मिळतो. हें मी अनुभवानें सांगतों. दीड वर्ष मी असाच खेळलों, आणि एके सकाळीं उजव्या हातानें पाण्याचा तांब्या उचलवेना. कोपराच्या बाहेरील बाजूचें तें दुखणें जाण्यास पुढें कित्येक महिने लागले. तेथें दुखूं लागलें तर खेळ थांबवावा व वैद्यकीय सल्ला घ्यावा. दुखणें अंगावर काढण्यांत शौर्य नाहीं.

दुसरी चूक पायांची, परंतु दोष दिला जातो हातास. बेताच्या वेगाचा चेंडू समोरून आपल्यापर्यंत येण्यास एक-दोन सेकंदच लागतात. नवखा खेळाडू चेंडू जाळीवरून येईपर्यंत उभा राहतो. मग घाईनें धांवतो आणि चेंडूच्या अगदीं अंगावर जातो. हात आखडतो व फटका चुकतो. प्रतिस्पर्ध्याच्या रॅकेटपासून चेंडू सुटतांच खांदे वळवावे, लहान पावलांनीं जागा घ्यावी, आणि फटका पुरा होईपर्यंत मान वर करूं नये. आपला चेंडू कोठें पडला हें पाहण्याच्या उत्सुकतेनेंच तो बहुधा जाळींत पडतो.

तिसरी चूक मैदान न समजण्याची. जाळी दोन्ही टोकांस साडेतीन फूट, पण मध्यभागीं तीनच फूट उंच असते. एकेरीचें मैदान ७८ फूट लांब व २७ फूट रुंद. म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत तें सुमारें साडेब्याऐंशीं फूट भरतें. तिरपा चेंडू मारणारास जाळी सहा इंच ठेंगणी व मैदान साडेचार फूट लांब मिळतें. असें असतां नवखा खेळाडू बाजूच्या रेषेलगत सरळ फटका मारण्याचा हट्ट धरतो आणि गुण गमावतो. सर्व्हिसमध्येंहि तसेंच. पहिली सर्व्हिस अंगांतील सारें बळ लावून बाहेर घालवावयाची आणि दुसरी भीत भीत ढकलावयाची, यापेक्षां दोन्ही एकाच बेताच्या वेगानें करणें शहाणपणाचें. त्याआधीं चेंडू उंच व थोडा पुढें उडविण्याचा सराव घराच्या अंगणांतहि करतां येतो.

चौथी चूक बहुधा आपणां वडील माणसांची. मूल दहा वर्षांच्या आंतील असतां त्याच्या हातीं मोठी जड रॅकेट व पुरा कठीण चेंडू देऊं नये. मुलांसाठीं लाल, नारिंगी व हिरवे असे क्रमाक्रमानें वेगवान होत जाणारे चेंडू निघाले आहेत. लाल चेंडूचें मैदान तर ३६ फूटच लांब असतें. पायांत धांवण्याचे बूट नसावे, कारण टेनिसमध्यें आडवें वळावें लागतें. आपल्याकडील काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते आणि पावसांत फुगते. तीवर चेंडूची उसळी एकसारखी येत नाहीं. अशा जागीं फटके चुकले म्हणून मुलास बोल लावणें अन्यायाचें होय. दाबलेल्या मुरमाचें किंवा सिमेंटचें पटांगण पाहावें. उन्हाळ्यांत सकाळीं लवकर खेळावें.

आणि मूल घरीं परतल्यावर "जिंकलास कां?" हा प्रश्न पहिल्या वर्षीं तरी विचारूं नये. "आज चेंडू ओळीनें किती वेळां परतविलास?" असें विचारावें. कालचा आंकडा आठ आणि आजचा दहा असेल, तर तें मूल टेनिस शिकत आहे. हरण्याच्या धास्तीनें ज्यानें वर्षभरांत रॅकेट खुंटीस टांगली, त्याच्या चुका सुधारण्याची संधि मात्र कोणासच मिळत नाहीं.