ई-रिक्षा व गोल्फ कार्टमधील लिथियम बॅटरी रूपांतर

ई-रिक्षा, गोल्फ कार्ट यांसारख्या कमी वेगाच्या विद्युत वाहनांतील शिसे-आम्ल बॅटऱ्या काढून त्यांच्या जागी लिथियम बॅटरी बसविण्याच्या प्रक्रियेला लिथियम रूपांतर असे म्हणतात. या दोन्ही वाहनांची विद्युत रचना पुष्कळशी सारखी असून ती बहुधा ४८ व्होल्टची असते. रूपांतरानंतर बॅटरी चार्ज न होणे, दर्शकावर ती भरलेली दिसत असूनही वाहन अचानक थांबणे, अशा तक्रारी आढळतात. अशा अनेक तक्रारींचे मूळ नव्या बॅटरीत नसते. चार्जर, दर्शक व जोडण्या जुन्याच राहिलेल्या असतात आणि व्होल्टेजचा आकडा जुन्या सवयीने वाचला जातो. दिवसाच्या फेऱ्यांवर उत्पन्न अवलंबून असलेल्या चालकाच्या दृष्टीने दोषाचे अचूक निदान महत्त्वाचे ठरते. चुकीच्या निदानामुळे चांगली बॅटरीही निकामी ठरविली जाऊ शकते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात विद्युत रिक्षेवरील आरंभीचे काम फलटण (जिल्हा सातारा) येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांच्या पुढाकाराने झाले. त्या काळच्या अशा वाहनांत शिसे-आम्ल बॅटऱ्या वापरल्या जात. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१५ अन्वये ई-रिक्षेला कायद्यात स्थान मिळाले. ४००० वॅटपेक्षा अधिक शक्ती नसलेले, भाड्याने प्रवासी वाहून नेणारे तीनचाकी बॅटरीचलित वाहन अशी तिची व्याख्या आहे. माथेरान येथे सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनंतर डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या.

शिसे-आम्ल बॅटरी स्वस्त असली तरी जड असते आणि वारंवार खोलवर रिकामी केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. लिथियम बॅटरी वजनाला हलकी असते, लवकर चार्ज होते व अधिक काळ टिकते. रूपांतरात मुख्यतः लिथियम लोह फॉस्फेट हा प्रकार वापरला जातो, कारण इतर लिथियम प्रकारांच्या तुलनेत तो उष्णतेला अधिक स्थिर असतो. या पदार्थाचा बॅटरीतील उपयोग जॉन गुडइनफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिला. लिथियम-आयन बॅटरीच्या विकासाबद्दल गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

विद्युत रचना

जुन्या रचनेत १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकसर जोडणीत असतात. प्रत्येक बॅटरीत सुमारे २ व्होल्टचे सहा घट, म्हणजे एकूण २४ घट असतात. लिथियम लोह फॉस्फेटच्या एका घटाचे नाममात्र व्होल्टेज ३.२ असते. असे १६ घट एकसर जोडल्यास ५१.२ व्होल्ट मिळतात. बाजारात '४८ व्होल्ट' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बॅटऱ्यांत मात्र १५ घट असतात. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या बॅटरीत घटांची संख्या १३ किंवा १४ असू शकते. त्यामुळे केवळ '४८ व्होल्ट' या शब्दांवरून चार्जर निवडता येत नाही. घटांचा प्रकार व संख्या माहीत असणे आवश्यक ठरते.

लिथियम बॅटरीत 'बॅटरी व्यवस्थापन प्रणाली' हे इलेक्ट्रॉनिक मंडल असते. त्यास संक्षेपाने बीएमएस म्हणतात. ते प्रत्येक घटाच्या व्होल्टेजवर, प्रवाहावर व तापमानावर लक्ष ठेवते आणि मर्यादा ओलांडली गेल्यास बॅटरीचा संबंध तोडते. शिसे-आम्ल बॅटरीत अशी व्यवस्था नसते. ती हळूहळू मंदावते, तर लिथियम बॅटरी एकदम बंद होते.

व्होल्टेजचा अर्थ

पूर्ण चार्ज होऊन काही तास स्थिर राहिलेल्या चार शिसे-आम्ल बॅटऱ्यांचे एकत्रित व्होल्टेज सुमारे ५१ असते. निम्मा साठा उरल्यावर ते सुमारे ४९ पर्यंत उतरते. १६ घटांची लिथियम लोह फॉस्फेट बॅटरी मात्र निम्मी रिकामी झाल्यावरही सुमारे ५२.५ व्होल्ट दाखविते. तिचे स्थिर व्होल्टेज ५१ च्या आसपास आले, की साठा एकपंचमांशाहूनही कमी उरलेला असतो. म्हणजेच ५१ हा एकच आकडा एका बॅटरीत 'पूर्ण' आणि दुसरीत 'जवळजवळ रिकामी' असा अर्थ धारण करतो.

जुना दर्शक व्होल्टेजवरून साठा दाखवीत असल्याने नव्या बॅटरीवर तो शेवटपर्यंत 'पूर्ण' दाखवितो आणि चालक निर्धास्त असतानाच वाहन थांबते. यावर उपाय म्हणजे आत गेलेला व बाहेर पडलेला प्रवाह मोजून साठा ठरविणारा दर्शक बसविणे, किंवा बीएमएसकडून मिळणारी माहिती पाहणे.

चार्जिंगमधील दोष

'''विजोड चार्जर.''' लिथियम लोह फॉस्फेटच्या घटाची चार्जिंगची कमाल मर्यादा ३.६५ व्होल्ट असते. त्यानुसार १६ घटांना ५८.४ व्होल्ट आणि १५ घटांना ५४.७५ व्होल्ट ही कमाल मर्यादा ठरते. शिसे-आम्ल बॅटरीचा चार्जर साधारणतः ५७.६ व्होल्टपर्यंत जातो. तो १५ घटांच्या बॅटरीस जोडल्यास प्रत्येक घटावर सुमारे ३.८४ व्होल्ट येतात व बीएमएस चार्जिंग तोडते. काही चार्जर शिसे-आम्ल बॅटरीतील घट समान पातळीवर आणण्यासाठी ६२ व्होल्टपर्यंत जातात. ते १६ घटांच्या बॅटरीसही अपायकारक असते.

'''शून्य व्होल्टेज.''' बॅटरी अति रिकामी झाल्यास बीएमएस ती बंद करते आणि बाहेरच्या टोकांवर शून्य किंवा अगदी कमी व्होल्टेज दिसते. अनेक चार्जर बॅटरीचे व्होल्टेज जाणवल्याशिवाय प्रवाह सुरू करत नाहीत. त्यामुळे बॅटरी 'मृत' असल्याचा समज होतो. अशा वेळी योग्य लिथियम चार्जरने किंवा उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीने बीएमएस पुन्हा सुरू करावे लागते.

'''असमतोल घट.''' एक घट इतरांच्या आधी भरल्यास संपूर्ण बॅटरीचे चार्जिंग लवकर थांबते. बहुतेक बीएमएस चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यातच घटांचा समतोल साधतात. म्हणून रोज अर्धवट चार्जिंग होणारी बॅटरी अधूनमधून पूर्ण चार्ज करून काही वेळ चार्जरवर ठेवणे उपयुक्त ठरते.

वाहन चालताना होणारे दोष

स्थिर अवस्थेत व्होल्टेज योग्य असूनही चढावर ते एकदम घसरत असल्यास सैल किंवा गंजलेली जोडणी, बारीक तार अथवा कमजोर घट यांपैकी एखादे कारण संभवते. जोडणीचा रोध केवळ ०.०२ ओहम असला, तरी ६० अँपिअर प्रवाहाला तेथे १.२ व्होल्ट गमावले जातात आणि ७२ वॅट उष्णता निर्माण होते. माथेरानसारख्या चढाच्या ठिकाणी, किंवा नाशिकच्या पंचवटीसारख्या गर्दीत वारंवार थांबून सुरू होताना मोटर अधिक प्रवाह घेते आणि हा दोष ठळकपणे जाणवतो.

दिवे व भोंगा यांना १२ व्होल्ट लागतात. काही वाहनांत ते जुन्या चार बॅटऱ्यांपैकी एकीवरून घेतलेले असतात. रूपांतरानंतर त्यासाठी स्वतंत्र व्होल्टेज परिवर्तक बसवावा लागतो. चार स्वतंत्र लिथियम बॅटऱ्या एकसर जोडून त्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्ट घेतल्यास ती सतत मागे पडते व सर्वांत आधी बंद होते.

तपासणीचा क्रम

१. मुख्य स्विच बंद करावा. अंगठी, घड्याळ व इतर धातूच्या वस्तू काढून ठेवाव्यात आणि विद्युतरोधक मुठीची हत्यारे वापरावीत.
२. बॅटरी व चार्जर यांवरील माहितीपट्टी ताडून पाहावी.
३. मल्टिमीटरने बॅटरीच्या टोकांवरील स्थिर व्होल्टेज मोजावे.
४. चार्जर जोडल्यावर व्होल्टेज वाढते का आणि कोणत्या आकड्यावर थांबते, हे नोंदवावे.
५. वाहनावर भार असताना बॅटरीच्या टोकांवर व मोटर नियंत्रकाच्या टोकांवर व्होल्टेज मोजावे. दोहोंत मोठा फरक असल्यास दोष मधल्या जोडण्यांत असतो.
६. बीएमएसमधून प्रत्येक घटाचे व्होल्टेज पाहावे.

तापमानाचा परिणाम

शून्य अंश सेल्सिअसखाली चार्जिंग केल्यास लिथियम घटाचे कायमचे नुकसान होते. म्हणून बीएमएस चार्जिंग रोखते. काही प्रणालींत ही मर्यादा थोडी वर ठेवलेली असते. नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात हिवाळ्यात किमान तापमान काही वेळा ५ अंशांच्या खाली जाते. उघड्यावर ठेवलेल्या वाहनाचे चार्जिंग पहाटे होत नसेल आणि ऊन चढल्यावर सुरू होत असेल, तर हे कारण विचारात घ्यावे. उन्हाळ्यात याउलट, आसनाखालच्या बंद पेटीतील बॅटरी तापून संरक्षण कार्यान्वित होऊ शकते.

सुरक्षितता व नियम

वारंवार बंद पडते म्हणून बीएमएस वगळून बॅटरी थेट जोडणे अत्यंत धोकादायक आहे. त्यामुळे आगीचा संभव वाढतो. घट फुगल्यास, वास किंवा धूर आल्यास बॅटरीचा वापर तत्काळ थांबवावा.

दुचाकी व तीनचाकी विद्युत वाहनांच्या बॅटऱ्यांसाठी एआयएस-१५६ हे भारतीय मानक आहे. त्यातील कडक सुधारणा डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. वाहनातील बदलांविषयीच्या तरतुदी मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये आहेत. म्हणून नोंदणीकृत ई-रिक्षेचे रूपांतर करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करणे इष्ट ठरते. काढलेल्या शिसे-आम्ल बॅटऱ्या भंगारात न टाकता बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार अधिकृत संकलन किंवा पुनर्चक्रण केंद्राकडे द्याव्या लागतात.