ऐरणीच्या मापाचे हत्यार

अंधेरीला मरोळच्या बाजूला आमची भट्टी आहे. वडिलांची ऐरण भंगारातून घेतलेली, जुनी इंग्रजी. तिच्या अंगावर १-२-१० असे आकडे आहेत. तो कारखान्याचा नंबर असावा, असे मला वाटे. वास्तविक ते वजन! पहिला आकडा ११२ पौंडांचा, दुसरा २८ पौंडांचा, तिसरा सुट्या पौंडांचा. एकूण १७८ पौंड, म्हणजे सुमारे ८१ किलो.

वरचे चौकोनी भोक मात्र एका अंगाला कललेले. बाजारची छिन्नी त्यात डुलते, आणि घणाखालून छिन्नी उडाली तर डोळाच जायचा. मी म्हटले, भोक कानशीने सरळ करू. वडील म्हणाले, "ऐरण झिजवायची नाही. हत्यार तिच्या मापाचं करायचं."

जुन्या ट्रकच्या ॲक्सलचा तुकडा पिवळा होईतो तापवायचा, शेपूट किंचित निमुळते करायचे आणि गरम असतानाच भोकात ठोकायचे. भोकाचा तिरकेपणा शेपटात उतरतो. वर रुंद खांदा ठेवावा लागतो. तो ऐरणीवर टेकला की मार तिथे बसतो. नाहीतर शेपूट पाचरीसारखे रुतून ऐरणीची मागची बाजू तडकते.

हत्यार एकाच दिशेने बसते, म्हणून त्यावर खूण करतात. शेजारचे कारागीर आमची हत्यारे मागून नेतात आणि संध्याकाळी परत आणतात. त्यांच्या ऐरणीत ती बसतच नाहीत.