सूज आणि बाळसे
(द्वितीय वर्ष कला)

सूज आली म्हणजे बाळसे आले असे होत नाही, हे वाक्य आपण वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत वरचेवर वाचतो. एखादा पक्ष फुगला, एखादी संस्था वाढली की संपादकांना ही उपमा हटकून आठवते. परंतु उपमा जिथून आली ती मूळ गोष्ट शरीराची आहे, आणि तिच्याविषयी आपल्याकडे भलताच घोळ आहे. सकाळी उठल्यावर आरशात पाहावे तो डोळ्यांखाली पिशव्या, गाल जड, बोटातली अंगठी घट्ट. यालाच काही घरांत ‘पोर अंगाला लागली’ म्हणतात, तर काही घरांत ‘भात बंद कर’ असे फर्मान निघते. स्नेहसंमेलनाच्या छायाचित्राआधी आठ दिवस आमच्या वर्गात जे उपासतापास सुरू झाले, ते पाहून या विषयाचा थोडा अभ्यास करावा असे मला वाटले. मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांनी चूकभूल सांभाळून घ्यावी.

प्रथम पाणी अंगात अडकते म्हणजे काय होते ते पाहू. शरीराचे निम्म्याहून अधिक वजन पाण्याचेच असते. त्यातले सुमारे दोन तृतीयांश पाणी पेशींच्या आत आणि उरलेले बाहेर, म्हणजे रक्तात आणि पेशींच्या मधल्या जागेत. मिठातला सोडियम हा घटक मुख्यतः या बाहेरच्या पाण्यात राहतो आणि त्याचे प्रमाण शरीर काटेकोर सांभाळते. मीठ वाढले की तहान लागते, मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात, आणि खारटपणा पुन्हा पूर्वपदावर येतो. मात्र आता पाण्याचा साठा मोठा झालेला असतो. याचा हिशेब दवाखान्यातल्या सलाईनच्या बाटलीवरून करता येतो. सलाईन शरीराच्या खारटपणाशी जुळवून केलेले असते: १०० मिलिलिटरला ०.९ ग्रॅम मीठ. म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम. चहाच्या लहान चमच्याने सपाट भरून घेतलेले मीठ साधारण तेवढेच भरते. हे जादा मीठ अंगात आहे तोवर ते आपल्यासोबत सुमारे अर्धा लिटर पाणी बांधून ठेवते, आणि अर्धा लिटर पाणी म्हणजे वजनकाट्यावर अर्धा किलो. हळदीच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी वजन किलोभर वाढलेले दिसते, त्यात चरबीचा वाटा अगदी थोडा असतो. निरोगी मूत्रपिंडे हे मीठ काही दिवसांत बाहेर टाकतात आणि सारे पूर्ववत होते.

दुसरी बाजू प्रथिनांची. रक्तवाहिन्यांच्या बारीक भिंतींतून पाणी सतत झिरपत असते. ते परत आत ओढण्याचे काम रक्तातली प्रथिने करतात. अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९६ साली हे दाखवून दिले. या प्रथिनांपैकी प्रमुख जे अल्ब्युमिन, ते यकृतात तयार होते. यकृत बिघडले, मूत्रपिंडातून प्रथिने गळू लागली, किंवा आहारात दीर्घकाळ प्रथिनांचा दुष्काळ पडला, तर पाणी बाहेरच राहते. कुपोषित बालकाचे हातपाय काड्यांसारखे आणि चेहरा व पावले मात्र सुजलेली दिसतात, तो प्रकार याच्याशी निगडित आहे. अशा बालकाच्या गोबऱ्या गालांना बाळसे म्हणणे किती घातक आहे हे सांगायला नको.

चेहरा सकाळीच का सुजतो, याचे उत्तर मजेदार आहे. दिवसभर आपण उभे किंवा बसलेले असतो तेव्हा पाणी खाली पायांत उतरते. हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत हंगामात तासन्‌तास एका बैठकीत रंगकाम चालते. तिथल्या एखाद्या कारागिराला संध्याकाळी चपला घट्ट का होतात असे विचारा. चालताना पोटऱ्यांचे स्नायू पाणी वर ढकलतात, बसून राहिले की ते काम थांबते. रात्री आडवे झाल्यावर तेच पाणी सर्व अंगभर पसरते, आणि पापण्यांची कातडी पातळ व सैल असल्यामुळे तिथे थोडेसे पाणीही उठून दिसते. उठल्यावर तासा-दोन तासांत ते उतरत असेल तर आदल्या रात्रीचे ताट आठवून पाहावे, एवढेच.

आता भातावरच्या आरोपाकडे वळू. आम्ही खारेपाटातली माणसे. दोन्ही वेळा भात. ‘भाताने अंग फुगते’ हे वाक्य आमच्याकडे घाटावरून आलेले पाहुणे तर म्हणतातच, पण शिकलेली आमची माणसेही आता म्हणू लागली आहेत. वास्तविक नुसत्या शिजवलेल्या भातात सोडियम जवळजवळ नसतेच. याचा मोठा पुरावा अमेरिकेतून मिळाला. जर्मनीतून तिकडे गेलेले डॉक्टर वॉल्टर केम्पनर यांनी ड्यूक विद्यापीठात १९३९ च्या सुमारास मूत्रपिंडविकाराच्या आणि उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना केवळ भात, फळे आणि साखर यांवर ठेवण्याचा प्रयोग सुरू केला. त्या काळी रक्तदाबावर चांगली औषधे नव्हती. मिठाविना या आहाराने पुष्कळांची सूज ओसरली, रक्तदाब उतरला. एका शेतकरी बाईला दोन आठवडे हा आहार घ्यायला सांगितले होते. डॉक्टरांच्या जर्मन उच्चारांमुळे तिने दोन महिने असे ऐकले आणि ती दोन महिन्यांनी परत आली तेव्हा तिचे सुजलेले हृदय लहान झालेले दिसले, अशी हकीकत सांगतात. हा आहार कोणी घरी करून पाहू नये. तो फार कडक होता आणि वैद्यकीय देखरेखीखाली दिला जाई. मुद्दा इतकाच की भात निर्दोष आहे. संशयित असलाच तर तो ताटात भाताच्या शेजारी बसलेला आहे.

हा शेजारी कोण? पेणची ख्याती गणपतींबरोबरच पोहे, पापड आणि मिरगुंडांसाठी आहे. माझी आई हंगामात पापड लाटायला जाते, आणि तिच्या त्या मजुरीचा माझ्या फीमध्ये वाटा आहे, तेव्हा पापडाची निंदा माझ्याकडून व्हायची नाही. परंतु पापडात मीठ असते तसा पापडखारही असतो, आणि खार म्हणजे पुन्हा सोडियमच. फक्त जिभेला तो खारट लागत नाही. भज्यांत घातलेल्या खाण्याच्या सोड्याचे तेच. सुक्या मासळीच्या बाबतीत मात्र भेद केला पाहिजे. जवळा, बोंबील बहुधा नुसते उन्हात वाळवतात. खारा बांगडा मिठातच मुरवलेला असतो. दोघांना ‘सुके’ या एकाच नावाने दोष देणे अन्यायाचे आहे. खारी मासळी दोन-तीनदा पाण्यात भिजवून ते पाणी फेकले तर बरेच मीठ निघून जाते, आणि आमच्या आज्या हे करतच आल्या आहेत. कोकमाचे आगळ, लोणचे, फरसाण, पाव, बिस्किटे, पाकिटातल्या शेवया, कँटीनचा वडापाव आणि त्याच्यासोबतची मिठात लोळवलेली मिरची, ही यादी प्रत्येकाने आपापल्या तोंडाप्रमाणे लांबवावी.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे. त्यात वर सांगितलेले सारे लपलेले मीठही धरायचे. उपवासाच्या दिवशी आपण सैंधवावर येतो आणि मीठ सोडल्याचे समाधान मानतो, पण सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. खरोखर मीठ सोडले ते गांधीजींनी. दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबांच्या आजारपणात त्यांनी कस्तुरबांना मीठ आणि डाळी सोडायला सांगितल्या. तुम्हाला तरी जमेल का, असे त्या म्हणताच गांधीजींनी स्वतःच वर्षभरासाठी दोन्ही सोडून टाकले. मिठाच्या मुठीने १९३० साली देश हलवणाऱ्या माणसाच्या चरित्रातला हा प्रसंग मिठागरांच्या आमच्या तालुक्यात फारसा कोणाला ठाऊक नसतो. जाता जाता हेही सांगते की आगरावरचे जाडे मीठ थेट घरी आणून वापरू नये. त्यात आयोडीन मिसळलेले नसते. मीठ कमी खावे, पण आयोडीनयुक्तच.

इथवर सर्व ठीक. पण आहाराने भागते अशा सुजेची एक हद्द असते, आणि मला या लेखात खरे म्हणजे तेच सांगायचे आहे. माझी मावशी रोह्याला दिली आहे. काही वर्षांपूर्वी तिला आठवा महिना चालू असताना तिचा चेहरा आणि हात चार दिवसांत सुजले. बघायला येणारी प्रत्येक बाई म्हणे, तेज आले आहे, मुलगा होणार. घरातल्या कोणी जाणत्याने तिचे मीठ बंद केले. आठवडाभर ती अळणी पेज पीत होती आणि कपाळ दुखते म्हणून डोक्याला फडके बांधून पडली होती. आशाताई फेरीला आल्या, त्यांनी डोकेदुखी आणि सूज हे दोन शब्द एकत्र ऐकले मात्र, तिला त्याच दुपारी रिक्षात घालून नेले. रक्तदाब चढलेला होता, लघवीत प्रथिने जात होती. बाळ वेळेआधी काढावे लागले. मुलगी फार लहान होती, कित्येक दिवस काचेच्या पेटीत होती. आता ती अंगणवाडीत जाते.

गरोदरपणातल्या या विकारावर मीठ तोडणे हा इलाज नव्हे. मीठ तोडून तो टळतही नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. म्हणून गर्भवतीच्या चेहऱ्यावर किंवा हातांवर एकाएकी सूज, जोडीला डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा वरच्या पोटात दुखणे, असे दिसले की स्वयंपाकघरात उपाय शोधत बसू नये. इतरांच्या बाबतीतही काही खुणा आहेत. नडगीवर बोट दाबून धरले आणि खड्डा तसाच राहिला. लघवीला फेस येऊ लागला किंवा ती कमी झाली. जिना चढताना धाप लागते, आडवे झाल्यावर श्वास कोंडतो. सूज एकाच पायाला आहे. तर मूत्रपिंड, हृदय, यकृत किंवा रक्तवाहिनी यांपैकी काहीतरी बोलत असते. थायरॉइड ग्रंथी मंदावली तरी चेहरा फुगतो, आणि तिथे मिठाचा संबंधच नसतो. फार पूर्वी पांढऱ्याशुभ्र कांडलेल्या तांदळावरच जगणाऱ्यांना बेरीबेरी होऊन पाय सुजत, तेही ब जीवनसत्त्वाच्या अभावाने. उकड्या तांदळात ते जीवनसत्त्व बरेच टिकून राहते. मैत्रिणींना पाळीच्या आधी दोन-चार दिवस जड वाटते, ते पाळी येताच उतरत असेल तर घाबरण्याचे कारण नाही.

उरला प्रश्न काय करावे याचा. पाणी कमी प्यावे ही समजूत निरोगी माणसाने सोडून द्यावी. खारेपाटात पाण्याची टंचाई वर्षानुवर्षे सोसलेल्या बायकांना हंडाभर पाणी घरच्यांसाठी राखून स्वतः तहान मारायची सवय असते. तेवढ्याने सूज कमी होत नाही, मूतखड्याची भीती मात्र वाढते. केळी, शहाळे, पालेभाज्या, कडधान्ये यांतले पोटॅशियम मूत्रपिंडांना सोडियम बाहेर टाकायला मदत करते. पण मूत्रपिंडाच्या रुग्णाला हेच शहाळे धोक्याचे ठरू शकते, आणि ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठातही पोटॅशियम असल्यामुळे त्याने तेही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. पावसाळ्यात बांधावर उगवणाऱ्या घेटुळीला आयुर्वेदात पुनर्नवा म्हणतात आणि सुजेवर तिचे महत्त्व सांगितले आहे. तिची भाजी खुशाल खावी, आजारावरचे औषध म्हणून मात्र वैद्याच्या सल्ल्यानेच. औषधांच्या दुकानातून कोणाच्या तरी सांगण्यावरून आणलेल्या ‘पाणी उतरवायच्या गोळ्या’ मात्र खाऊ नयेत. त्यांनी पाण्याबरोबर पोटॅशियमही जाते, आणि ते फार कमी झाले तर हृदयाचा ठेका चुकतो. छायाचित्रासाठी उपाशी राहणाऱ्यांना पहिल्या दोन-तीन दिवसांत वजन उतरलेले दिसते ते बव्हंशी पाणीच. जेवू लागताच ते परत येते. त्यापेक्षा डाळ, अंडे, मासळी यांपैकी जे परवडेल ते रोज खावे आणि रात्रीचा पापड दुपारी ढकलावा.

जिभेचे म्हणाल तर ती काही आठवड्यांत कमी मिठाला सरावते. लिंबू, आमसूल, लसूण, मिरची यांनी चव भरून निघते. पण किती कमी करायचे हे कळण्यासाठी आधी आपण किती खातो ते ठाऊक हवे, आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मिठाची १ किलोची पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहून ठेवायची. दर माणशी ५ ग्रॅम धरले तर पाच माणसांच्या घरात दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे पिशवी ४० दिवस पुरायला हवी. आमच्या घरी पाच माणसे आहेत. मासळी धुवायला लागणारे मीठ आईने वेगळ्या डब्यात काढून ठेवले होते, तरी पिशवी बावीस दिवसांत संपली. आणि त्यात पापडांतले मीठ धरलेले नाही.