सन-डे, गच्चीवर!

ठाणे-डोंबिवलीत राहून तारे बघायचे? जोकच! रस्त्यावरच्या दिव्यांच्या झगमगाटात सप्तर्षीसुद्धा धड दिसत नाहीत. म्हणून आकाशवेडी मंडळी वांगणी गाठतात. पण एका ताऱ्याला अंधार लागतच नाही. तो रोज सकाळी समोरच्या बिल्डिंगमागून वर येतो. सूर्य!

अंगण नसलं म्हणून काय झालं, गच्ची आहे ना? सेक्रेटरीकडून चावी तेवढी मिळवा. 60-70 मिलिमीटरचा साधा टेलिस्कोप आणि मोबाइल, एवढ्यावर सूर्यडाग टिपता येतात. नियम मात्र एकच आणि कडक, कारण चुकलात तर डोळा कायमचा जाऊ शकतो. सोलर फिल्टर टेलिस्कोपच्या पुढच्या तोंडावर हवा, तोही वाऱ्यानं उडणार नाही असा चिकटपट्टीनं पक्का केलेला. आयपीसला लावायचे छोटे फिल्टर उष्णतेनं तडकतात. गॉगल, एक्स-रे फिल्म वगैरे जुगाड अजिबात नको. फाइंडरवर झाकण ठेवा आणि नेम सावलीवरून धरा. नळीची सावली सगळ्यात लहान झाली, की सूर्य बरोबर समोर.

वेळ सकाळचीच. स्लॅब तापला की हवा थरथरते आणि फोटो पाण्यात बुडाल्यासारखा येतो. एका क्लिकवर भागवू नका. छोटा व्हिडिओ घ्या, त्यातल्या चांगल्या फ्रेम निवडून एकावर एक बसवणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

सूर्याचा पृष्ठभाग सुमारे 5,500 अंश सेल्सिअस. डाग त्याहून दीड-दोन हजार अंशांनी थंड, म्हणून काळे दिसतात. मे 2024 मधला डागांचा एक समूह पृथ्वीच्या सुमारे 15 पट रुंद होता. त्यातून उठलेल्या सौरवादळामुळे लडाखचं आकाशही लाल झालं होतं! रोज एक फोटो काढलात, तर डाग साधारण 13 दिवसांत एका कडेहून दुसरीकडे सरकताना दिसतो. सूर्य स्वतःभोवती फिरतो हे शाळेत पाठ केलेलं वाक्य चक्क तुमच्या फोनच्या गॅलरीत!

कोडाईकनालच्या वेधशाळेनं 1904 पासून सूर्याचे असेच रोजचे फोटो जमवले. सप्टेंबर 2023 मध्ये झेपावलेल्या आदित्य-एल1 यानावरची सूर्याचे फोटो काढणारी अतिनील दुर्बीण तर पुण्याच्या आयुकानं घडवली आहे.

आता घाई कशाची? डागांचं चक्र सुमारे 11 वर्षांचं असतं. 2024 मध्ये ते शिखरावर होतं. 2030 च्या आसपास सूर्याचा चेहरा कितीतरी दिवस कोराच दिसेल. त्यात आपल्याकडचे पावसाळ्याचे चार महिने वजा करा. उरलेले रविवार मोजकेच आहेत, तेव्हा चावी शनिवारीच मागून ठेवा!