थांब्याची वीज, घाटाची वीज

कोल्हापुरातून पन्हाळ्याला निघालेली बस शहरात दर थोड्या वेळाने थांबते. शिवाजी पूल ओलांडून केर्ली मागे पडली, वाघबीळचा घाट लागला, की मात्र तिला सलग चढावे लागते. गड शहराहून सुमारे ४०० मीटर उंच आहे. विजेवरच्या बसला या दोन्ही वाटा एकाच बॅटरीवर काढायला लावणे बॅटरीच्या जिवावर बेतते. ते का, हे आकडे मांडून पाहू.

प्रवाशांसह १२ टनांची बस ताशी ३६ किलोमीटर वेगाने चालली आहे. तिच्या गतीत ६ लाख ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे जेमतेम ०.१७ युनिट. पण बस १० सेकंदांत थांबवली, तर तेवढ्या वेळात सरासरी ६० किलोवॉट शक्ती मोटरमार्गे परत येऊ पाहते. ऊर्जा थोडी, झटका मोठा.

लिथियम बॅटरीत आयनांना द्रवातून वाट काढून इलेक्ट्रोडच्या आत शिरावे लागते. घाई केली की ती तापते. प्रवाह दुप्पट झाला, तर आतल्या रोधामुळे उष्णता चौपट होते. वीज साठवणाऱ्या दुसऱ्या साधनात, सुपरकपॅसिटरमध्ये, विद्युतभार इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर किंवा त्याच्या अगदी जवळच साठतो, त्यामुळे तो झटपट भरतो, झटपट रिकामा होतो आणि लाखो वेळा हे सोसतो. सुपरकपॅसिटरवरचे संशोधन आपल्याला परके नाही. कोल्हापूरच्याच शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रासायनिक द्रावणांतून धातू-ऑक्साइडांचे पातळ थर बसवून सुपरकपॅसिटरचे इलेक्ट्रोड घडवण्यावर वर्षानुवर्षे काम केले आहे.

जुन्या विहिरीवर मोट थेट पाटात ओतत नसत. पाणी आधी थारोळ्यात पडे आणि तिथून संथपणे पाटाला लागे. सुपरकपॅसिटर हे बॅटरीचे थारोळे आहे.

थारोळे केवढे बांधायचे? ३,००० फॅरडचा, २.७ व्होल्टचा एक सेल सुमारे अर्धा किलो वजनाचा असतो. त्याचा विद्युतदाब निम्म्यावर येईपर्यंत तीन चतुर्थांश ऊर्जा, म्हणजे सुमारे ८,२०० ज्यूल, बाहेर पडते. वरचा एक थांबा झेलायला असे ७३ सेल पुरतात, वजन ३७ किलो. आता घाट पाहा. तीच बस ४०० मीटर चढवायला, घर्षण सोडूनही, १३ युनिट लागतात. त्यासाठी पावणेसहा हजारांच्या आसपास सेल, वजन जवळजवळ तीन टन! म्हणून घाट बॅटरीचा आणि थांबा कपॅसिटरचा. माझ्या मते आराखड्याची सुरुवात इथूनच व्हायला हवी. आधी रस्ता मोजावा, मग साठवण निवडावी. शांघायमध्ये २००६ पासून केवळ कपॅसिटरवरच्या बस धावल्या, कारण त्या थांब्याथांब्यावर भरून घेता येत होत्या.

अडचण एक उरते. कपॅसिटर रिकामा होताना त्याचा दाब घसरत जातो, मोटरच्या बाजूला मात्र तो बराचसा स्थिर लागतो. मध्ये दुतर्फा डीसी-डीसी कन्व्हर्टर बसतो: एक कॉइल, दोन इलेक्ट्रॉनिक स्विच. खालचा स्विच लागला की कॉइलमध्ये प्रवाह वाढतो. तो उघडला की कॉइल साठलेली ऊर्जा वरच्या दाबाकडे ढकलते. स्विच निम्मा वेळ लागलेला असेल, तर दाब दुप्पट होतो. ब्रेक लागला की हीच कॉइल उलट दिशेने काम करते. हे सेकंदाला हजारो वेळा चालते. स्विचिंगचा वेग वाढवला तर कॉइल लहान होते, पण प्रत्येक उघडझापीत थोडी ऊर्जा वाया जाते. सिलिकॉन कार्बाइडच्या स्विचमध्ये ही गळती कमी असते, म्हणून महाग असूनही त्यांना मागणी आहे.

कंट्रोलर मोटरची मागणी चाळतो. सावकाश बदलणारा भाग बॅटरीकडे जातो, झटके कपॅसिटरकडे. शिवाय तो वेगावर नजर ठेवतो. बस उभी असताना कपॅसिटर भरलेला हवा, कारण आता निघायचे आहे. वेगात असताना त्यात जागा हवी, कारण केव्हाही ब्रेक लागेल.

उतरताना मात्र ऊर्जा पुन्हा बॅटरीलाच घ्यावी लागते. पन्हाळ्यावर बस पूर्ण चार्ज केली, तर उतारावर परत येणाऱ्या विजेला बॅटरीत जागाच उरत नाही आणि ती सगळी यांत्रिक ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. गडावर चार्जिंग करायचेच, तर बॅटरीत त्या उताराएवढी जागा राखून करावे.